दोन्ही आवाज हलके

शेपर यंत्राचं हत्यार पुढे जाताना लोखंड तासतं आणि मागे नुसतंच येतं, त्यामुळे एक आवाज जड येतो, एक हलका. जन्मभर स्वयंपाकघरातून ते ऐकणाऱ्या लिओनीला आज दोन्ही हलके वाटले. ती परसातल्या शेडमध्ये गेली. यंत्र चालू होतं. लोखंड पकडायचा व्हाइस रिकामा होता, आणि तिचा नवरा क्लाइव्ह त्या रिकाम्या जागेला मन लावून ब्रशने तेल लावत होता.

"किती राहिलंय?" तिने विचारलं.

"थोडंच. तुझा केक मी कधी अर्धा कच्चा बाहेर काढायला लावतो का?"

तिने बटण बंद केलं. बाबांचं काय करायचं, असं विचारणाऱ्या लेकीला ती वर्षभर फोनवर "बघू" एवढंच म्हणत आली होती.

"क्लाइव्ह," ती म्हणाली, "सोमवारी मी तुला बॅलरॅटच्या वृद्धाश्रमात ठेवून येणार आहे."