चार चकत्या

"चला, वर!" दोरीमामांनी दोर ओढला.

दोराला अडकवलेली मुलगी फळीवरून वीतभर उचलली गेली, तिथंच डुगडुगली आणि सावकाश खाली आली. बूट फळीवर टेकले. हिरव्या पडद्यासमोर चाळीसेक माणसं उभी होती. कुणी हसलं नाही, उलट सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली.

मालिकेच्या या सीझनचा शेवटचा शॉट होता. नायिका शाळेत जाणारी पोरगी, हात लावील त्याचं वजन काढून घेणारी. नऊ भागांत तिनं बस उचलली होती, पूल उचलला होता, शाळेवरची पाण्याची टाकीसुद्धा. स्वतःला मात्र ती कधीच उचलू शकली नव्हती. ते आज व्हायचं होतं, आणि कॅमेरा सरळ तिच्या चेहऱ्यावर राहणार होता.

"मामा, सकाळी तर वाळूच्या पिशव्या मस्त तरंगत होत्या," दिग्दर्शक बाई म्हणाल्या.

"होत्या."

"मग आता काय झालं? अर्ध्या तासात जेवणाची सुट्टी, त्यानंतर हा हॉल आपला नाही. जमत नसेल तर सांगा, पाठवालीला लटकवू."

पाठवाली म्हणजे मुलीची डबल. उड्या, कोलांट्या सगळ्या तिच्या, म्हणून पडद्यावर फक्त तिची पाठ दिसायची. तोच निळा पोशाख घालून ती खुर्चीत बसली होती. "माझी पाठ बघून लोक कंटाळले असतील हो," ती म्हणाली. "आज तरी तोंड दाखवा कुणाचं तरी."

मुलगी बुटांकडे बघत होती. मामा पट्ट्याची कडी तपासायच्या निमित्तानं तिच्याजवळ वाकले.

"सकाळी मला कुठला आकडा सांगितलास?"

"मागच्या महिन्याचा."

मामांनी कडी उघडली, परत लावली.

"चार दिवस नुसती काकडी खातेय मामा," ती पुटपुटली. "तरी काटा खाली येत नाही. प्लीज, बाईंना सांगू नका. मी आणखी दोन दिवस..."

"आणखी दोन दिवस शूटिंगच नाही, बाळा."

दोरावर चढणाऱ्याला वजन विचारायचं नाही, त्याला काट्यावर उभं करायचं. बूट, पोशाख, पट्टा, सगळ्यासकट. बावीस वर्षांत मामांनी हा नियम मोडला नव्हता. पण गेल्या आठवड्यात पोशाखवाल्या मास्तरांनी काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला. "आमच्या उडत्या बाईंची शिवण पुन्हा उसवावी लागणार!" हॉल खो खो हसला. मामाही हसले. मग तिचा चेहरा दिसला आणि त्यांनी हसू आवरलं. म्हणून आज सकाळी त्यांनी काटा कोपऱ्यातच राहू दिला आणि हळू आवाजात तिला विचारलं. आकडा गेल्या आठवड्याहून कमी होता, तरी त्यांनी खोदून विचारलं नाही. पोरीला वाईट वाटू नये, एवढाच हेतू. तिनं सांगितलेल्या आकड्याएवढी वाळू भरली, तेवढ्याच लोखंडी चकत्या दोराच्या दुसऱ्या टोकाला लावल्या. वाळू तरंगली. मुलगी कशी तरंगणार?

मामा उठून उभे राहिले. "बाई, चूक माझी आहे. मी तोलायचं सोडून विचारत बसलो. काटा आणा."

काटा आला. मास्तरही मागोमाग आले, मान पुढे काढून.

"मास्तर, तुम्ही टाके बघा."

मास्तर टाके बघायला गेले. मुलगी काट्यावर चढली. मामा समोर उकिडवे बसले, हाताचा आडोसा करून त्यांनी आकडा वाचला आणि दोराच्या दुसऱ्या टोकाशी गेले. एक चकती लावली. ठण्ण. दुसरी. तिसरी. दर आवाजाला मुलीचे खांदे आणखी आत जात होते. चौथी.

मामा दोर घेऊन परत आले तेव्हा तिनं विचारलं, "चार?"

"चार."

"पुढच्या सीझनपर्यंत सहा झाल्या तर?"

"तर सहा लावीन. अगं, तिकडे तू वाढलीस की इकडे मी वाढवायचं, याचाच तर पगार घेतो. शंभर किलोचा खलनायक उडवलाय मी, मिशीसकट." ती हसली नाही. मामांनी आवाज खाली आणला. "ऐक. वजन कितीही असो, तू पडणार नाहीस. खोटा आकडा दिलास तर पडशील. तेवढं पुन्हा करू नकोस."

तिनं होकारार्थी मान हलवली.

"रोल!" बाई ओरडल्या.

मामांनी दोर ओढला, या वेळी दोन बोटांनी. दोन्हीकडचा भार सारखा झाला की एवढंच पुरतं. बूट फळीवरून सुटले. मुलगी मामांच्या डोक्यावरून गेली, दिव्यांच्या पहिल्या रांगेपर्यंत पोचली आणि तिथं थांबली. आधी तिनं डोळे घट्ट मिटले होते. मग एक उघडला. मग दुसरा. त्यानंतर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पटकथेत लिहिलेलं नव्हतं. बाई मॉनिटरकडे बघत राहिल्या आणि कट म्हणायला विसरल्या. शेवटी पाठवालीनंच टाळी वाजवली.

"कट! झालं! ओके!" बाई भानावर येऊन ओरडल्या.

माणसं मोकळी झाली. कुणी शिट्टी मारली, कुणी वायर गुंडाळायला लागलं. बरेचसे पडद्यामागे पांगले.

"घाई नाही," मामा वर बघून म्हणाले. "थांब हवं तर थोडा वेळ."

मुलगी वरून हिरव्या पडद्यापलीकडे काहीतरी बघत होती.

"नको, नको! लवकर उतरवा मामा," ती ओरडली, "इथून जेवणाची रांग दिसतेय, मला काही उरायचं नाही!"