जावेचं केळवण

धाकट्या जावेचा, हेमांगीचा, आजार मोजणारा पट्टा स्वतःच्या मनगटावर चढवून शशिकलाबाईंनी मनातल्या मनात तिची प्रत्यारोपणाची तारीख पळवली. पण प्रत्यक्षात तसं काही झालंच नाही. रुग्णालयातल्या यंत्राने रक्ताचा एक थेंब चाखून त्यांना परत पाठवलं असतं, म्हणून त्या गेल्याच नाहीत.

मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेचा कर्करोग, दोघींनाही. दोघींच्या मूळपेशी एकाच फ्रीजरमध्ये शेजारी शेजारी गोठलेल्या. त्या शरीरात परत कधी सोडायच्या, ते पट्टा सांगायचा. हेमांगीला तो म्हणाला, "येत्या मंगळवारी." शशिकलाबाईंना म्हणाला, "गोळ्या चालू ठेवा, घाई नाही."

प्रत्यारोपणानंतर कित्येक महिने बाहेरचं खाणं बंद राहणार, म्हणून लग्नाआधी करतात तशी हेमांगीची घरोघरी केळवणं सुरू झाली. शशिकलाबाईंना नुसतंच शेजारी बसवायचे.

"या घरात आधी मी आले," त्या फणकारल्या.

"अक्का, माझा आजार जोरात आहे म्हणून."

"आजारातसुद्धा पुढे पुढे!"

हेमांगी हसली, पण ताटातली पुरणपोळी तशीच राहिली. "तुम्ही आधी गेला असतात, तर विचारलं असतं, फार दुखतं का म्हणून."

शशिकलाबाईंनी तिची अर्धी पोळी खाल्ली आणि रुग्णालयाला अर्ज लिहिला : 'धाकट्या जावेचा आजार ज्येष्ठतेनुसार माझ्या आजाराच्या मागे लावण्यात यावा, ही नम्र विनंती.'