राहून गेलेली लायब्ररी

लेक नोकरीसाठी दूर गेली, तेव्हा दोघं मिळून खेळायचे तो गेम बाबांनी तिच्या हातात मावणाऱ्या छोट्या गेम-कन्सोलसाठी मूळ कोडपासून तयार करायला घेतला. कंपाइल, म्हणजे कोडचं चालत्या गेममध्ये रूपांतर, व्हायचं इथे, बाबांच्या कॉम्प्युटरवर, आणि गेम चालायचा तिकडे, तिच्या हातात. पहिल्या खेपेला अक्षरांची लायब्ररी, म्हणजे पडद्यावर अक्षरं उमटवणारा तयार कोड, गेमला जोडायची खरोखरच चुकून राहिली. लगेच फोन आला, "बाबा, सगळीकडे नुसते चौकोन दिसतायत." अर्धा तास गप्पा झाल्या.

तेव्हापासून दर रविवारी गेमची नवी आवृत्ती पाठवताना बाबा एखादी लायब्ररी मुद्दाम वगळायचे. कधी चित्रं उमटायची नाहीत, कधी बटणं दाद द्यायची नाहीत. फोन मात्र ठरलेला.

या रविवारी घोळ झाला. गेम पाठवल्यावर यादी पाहिली, तर सगळ्या लायब्रऱ्या जागच्या जागी होत्या. वगळायचंच राहून गेलं होतं. आता ती कशाला फोन करेल? बाबा तसेच खुर्चीत बसून राहिले.

थोड्या वेळाने फोन वाजला.

"बाबा, या वेळी आवाजच येत नाहीये."

"असं? बघतो हं. फोन ठेवू नकोस."

तिच्यामागे गेमचं संगीत खणखणीत वाजत होतं.