सोडियमचं साटंलोटं

“एक सोडियम कुठं गेला, अण्णा?” मंगलनं विचारलं.

अनिलकुमारनं वही उचलून खाली बघितलं.

तो दहावीत दोनदा नापास झाला होता. त्यामुळं दोन वर्षांनी धाकटी बहीण मंगल कुठंही न पळता त्याच्या वर्गात येऊन पोचली होती. आता तीच त्याला शिकवत होती. मार्चमध्ये दोघांची परीक्षा. मंगलला पुढं बीदरला कॉलेजात जायचं होतं. अनिलकुमारला फक्त दहावीतून बाहेर पडायचं होतं.

“डावीकडं दोन सोडियम हायत, उजवीकडं एकच. हरवून चालत न्हाई. पुढं दोनचा आकडा लाव. आन् मधी ‘बरोबर’चं चिन्ह कामून काढलास? बाण काढ. झालेलं माघारी फिरत न्हाई, म्हणून बाण.”

“पर सोडियम बेरियमचा क्लोरीन कामून घ्यायलाय?”

मंगलनं जरा विचार केला. “साटंलोटं समज. ह्या घरची लेक त्या घरी, त्या घरची ह्या घरी. माणसं तेवढीच, घरं बदलली.”

अनिलकुमारच्या डोक्यात जन्मात पहिल्यांदा रसायनशास्त्र शिरलं. एवढा आनंद त्याला एकट्याला पेलवेना. तो तसाच उठून अंगणात गेला आणि घोंगडं झटकत असलेल्या बापाला, काशाप्पाला, त्यानं सगळं समजावून सांगितलं. हातवारे करून.

काशाप्पाला सोडियम कळला नाही. बाकी सगळं कळलं. नापास पोराला पोरगी कोण देणार, ही काळजी त्याला दोन वर्षं होती.

“बरी आठवण केलास,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो संतपूरहून हुलसूरला गेला, ओळखीच्या शंकरप्पाकडं. शंकरप्पाला अंबिका नावाची लेक होती आणि सिद्धराम नावाचा पोरगा, तो हैदराबादेत सेंट्रिंगचं काम करायचा. समीकरण तयारच होतं. काशाप्पा फेब्रुवारीची तारीख घेऊन आला.

“अप्पा, परीक्षा होऊ द्या. एकच महिना,” मंगल म्हणाली.

“तू थांबलीस तर त्यांची लेक थांबती का? अण्णाला इचार.”

मंगलनं अण्णाकडं बघितलं. अनिलकुमारला बोलायचं होतं. पण खिशात अंबिकाचा फोटो होता आणि फोटो चांगला आला होता. 

एकाच मांडवात दोन लग्नं झाली. मंगल गेली, अंबिका आली. दोन्हीकडचं रडणंही सारखंच भरलं.

परीक्षेत अनिलकुमारच्या मागचा मंगलचा बाक रिकामा होता. पेपरात नेमके तेच आले: बेरियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेट. त्यानं घरं बदलली. दोनचा आकडा लावला. एकही सोडियम हरवू दिला नाही. मधे बाण काढला. मग मागं वळून बाकाकडं बघितलं आणि त्या बाणाखाली आणखी एक बाण काढला. उलटा.

अनिलकुमार एका गुणानं तिसऱ्यांदा नापास झाला. तपासणाऱ्यानं तेवढा उलटा बाण लाल शाईनं खोडला होता आणि शेजारी लिहिलं होतं: ‘असे होत नाही.’