लाडकीबाईंची कात्री

लाडकीबाईंनी तोच टाका तिसऱ्यांदा कापला, तेव्हा डॉक्टर चुरींचा संयम संपला.

"कात्री गाठीच्या वर चालवायची, बाई! नुसती टोकं कापायची. तुम्ही टाकाच तोडता!"

"चुकलं, डाक्टर."

लाडकीबाईंनी तुटलेला रेशमी दोरा गाठीसकट चिमट्यानं उचलला, आधीच्या दोन तुकड्यांशेजारी ताटलीत ठेवला आणि नवा दोरा ओवून सुई पुढं केली.

साल पासष्ट. बोईसरच्या त्या लहानशा इस्पितळात चुरींना येऊन दोनच आठवडे झाले होते. लाडकीबाई मात्र अकरा वर्षं तिथं टाक्यांना हात देत होत्या. सुई ओवायची, डॉक्टर शिवत असताना दोरा ताणून धरायचा, गाठ बसली की टोकं कापायची. पण त्यांच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं. "एक चूक दिसली, की तुमची रवानगी कपडे धुण्याकडे," असं चुरींनी सकाळीच बजावलं होतं.

टेबलावर तारापूरचा पंढरी होता. बोटीचा नांगर ओढून ओढून त्याला अंतर्गळ झाला होता. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलेलं, पण माणूस टक्क जागा. छातीवरच्या पडद्याआडून तो सगळं ऐकत होता.

"बाय, काय झाला? माजा काय बिनसला काय?"

"नाय रे दादा. माजाच हात चुकते. डाक्टरांचा हात पक्का हाय."

"बघ हां. टाका सुटला तं आतडा परत बाहेर, नि माजी बोट कायमची वाळूवर."

"मग बस माज्या सासूसंगती जाळी विणत. तिला कोण तरी पायजेच शिव्या द्यायला."

पंढरी हसला. त्याचं पोट हललं.

"हसवू नका त्याला!" चुरी खेकसले.

चौथ्या खेपेला त्यांनी घाई केली नाही. दोन्ही हातांनी सावकाश, घट्ट गाठ मारली. लाडकीबाईंनी ती क्षणभर पाहिली आणि बरोबर टोकं कापली. पुढच्या सहा टाक्यांना कात्री एकदाही चुकली नाही.

दुपारी चुरी विश्वस्तांना चिठ्ठी लिहायला बसले. 'लाडकीबाईंना शस्त्रक्रियेच्या कामावरून काढावे. पुरावा सोबत जोडला आहे.'

ताटलीतले ते तीन तुकडे कागदाला टाचायचे होते. पहिला सरळ करायला चुरींनी त्याचं एक टोक ओढलं.

गाठ अलगद सरकली आणि सुटली.

दुसऱ्याची सुटली.

तिसऱ्याचीही.