चांगला पाय

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण खणकन पडलं. ते उचलल्याचा आवाज मात्र येईना. वल्लरी आत गेली, तर सासरे खाली पडलेल्या झाकणाकडे नुसतेच बघत उभे.

"बाबा, आडवे व्हा. पाय तपासते."

"मला काय धाड भरलीय? चार वर्षांनी कामावर जातेस ना सोमवारी? बिनघोर जा. पोरीला मी बघतो."

वल्लरीने दवाखान्यातले हातमोजे चढवले. ते घालून रुग्णाला धरलं की त्याची कळ तपासणाऱ्याच्या अंगात उमटायची. त्यामुळे 'दुखतं का?' असं आता कुणी विचारतच नसे.

तीस वर्षं एसटी चालवलेल्या बाबांनी आडवं होऊन हुशारीने डावा, चांगला पाय पुढे केला. तिने तो गुडघ्यात न वाकवता हळूहळू उचलला. हातभर वर गेला आणि तिच्या उजव्या पायात कमरेपासून अंगठ्यापर्यंत वीज चमकली. चांगला पाय उचलल्यावर दुसऱ्यात कळ गेली, तर मणक्यातली गादी सरकलेली असते, जवळजवळ नक्कीच. म्हणजे आता मनवाला कडेवर घेणं बंद. म्हणजे सोमवारही गेला.

बाबा हसतच होते. "बघ, ठणठणीत!"

दारातून मनवाने विचारलं, "आई, पाय तर आजोबांचा उचललास, मग तू का रडतेस?"