तियामिकेचं मुसळ

आमच्या मलावीत शाळेची पेज शिजते ती पोरांनी घरून आणलेल्या लाकडांवर. पोरक्यांना लाकूड माफ. तरी काल रांगेत वर्गातला लुकानी पोरक्या तियामिकेला ‘फुकटी’ म्हणाला. आज ती खांद्यावर आजीचं मुसळ घेऊन आली आणि माझ्या चुलीपुढे आपटून म्हणाली, “जाळा!” मी ओरडले, “अगं बये, घरी कांडाल कशानं?” “कांडायला मका आल्यावर बघू, मावशी. पण फुकट खाणार नाही.” पोरीची हनुवटी काही खाली येईना. माझ्याच्यानं मुसळ जाळवेना. मी उखळात शेंगदाणे ओतले आणि म्हटलं, “मग हे कुटून दे.” तिने घाम गाळून कुटले. तेच कूट पेजेत पडलं. वाढायला बसले, तर लुकानी रिकाम्या हातांनी पुढे. “लाकूड कुठाय?” “विसरलो.” मी पळी मागे घेतली. मुसळाला टेकून तियामिके म्हणाली, “वाढा त्याला, मावशी. आज त्याला लाकूड माफ.”